मामा तलावाला मामा हवा



आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो आणि सोडून देतो. आज मात्र आडाविषयीच चार शब्द लिहायचे आहेत. आपल्या पत्रिकेत उसाचा दर, तोडणी, वाहतूक, उतारा यांवर भरपूर लिहिले जाते. ते हवेच. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी उसाच्या फडाबरोबर धानाची बांधीही आहे, आणि दोन्हींचे पोट एकाच पाण्यावर भरते. म्हणून हा विषय धानवाल्यांचा, आपला नव्हे, असे कुणी समजू नये.

वडसा म्हणजे देसाईगंज भागाचेच उदाहरण घेऊ. एका अंगाला वैनगंगा वाहते, दुसऱ्या अंगाला जंगल. हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुष्काळी मुलखातला माणूस हे ऐकून म्हणेल, तुम्हाला पाण्याची काय ददात? ददात आहे ती अशी. पाऊस जून ते सप्टेंबर कोसळतो आणि पाठ फिरवतो. भारी धान मात्र त्याच सुमारास निसवायला येतो. ऐन वेळी एक पाणी चुकले की लोंबी पोचट. रोवणीचा खर्च, खताचा खर्च, वर्षाची मेहनत, सगळे त्या एका पाण्यावर टांगलेले असते. २०२० साली ऑगस्टच्या अखेरीस याच वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी, वडसा भागातली शेते बुडवली. म्हणजे नदी उशाला असूनही पाणी नको तेव्हा घरात शिरते आणि हवे तेव्हा बांधीत येत नाही.

ही अडचण आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याचे धोरण ठेवले. कोहळी समाजातल्या कसबी लोकांनी उताराची जागा हेरून मातीची पाळ घातली, पाणी सोडायला तुडूम बसवला, जादा पाणी निघायला सांडवा ठेवला. वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून बांधीत, अशी ही साखळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सहा-सात हजार तलाव उभे राहिले. सिमेंट नाही, यंत्र नाही, तरी शेकडो वर्षे ते टिकले.

ते टिकले कशाने? केवळ पाळ भक्कम होती म्हणून नव्हे. दर उन्हाळ्यात पाळीवर माती पडत होती, तुडूम तपासला जात होता, पाणी कुणाला आधी नि कुणाला नंतर हे पाणकर ठरवीत होता आणि गाव ते ऐकत होते. कुणाचा हक्क किती, हे वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवलेले होते. या सगळ्यावर मालगुजाराची देखरेख असे.

मालगुजारी फार चांगली होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. मालगुजाराच्या सीर जमिनीला पाणी आधी मिळे, आणि पाळीवरची माती पुष्कळदा गरिबाच्या फुकटच्या घामाने पडे. ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. पण खरी गोम अशी, की तलावाची मालकी सरकारकडे गेली, रोजची राखण मात्र कुणाकडेच गेली नाही. नाव मामा तलाव, आणि तलावाला मामाच उरला नाही!

पाळीवर झाडे वाढली, मुळांनी भगदाडे पाडली. तुडूम मोडला तर बोरीत माती भरून तो बुजवायचा. पोटात गाळ, काठाला बेशरमची झाडी, आणि उन्हाळ्यात बुडीत जमिनीवर अतिक्रमण. गावकरी म्हणतात, सरकारचा तलाव आहे, सरकार पाहील. सरकारी माणूस म्हणतो, निधी आला की पाहू. दोघांच्या मध्ये तलाव मरतो.

काही सभासद म्हणतील, इटियाडोहचा कालवा आहे, गोसीखुर्द आहे, मग या डबक्यांचे काय घेऊन बसलात? मोठ्या धरणांचे मोल मी नाकारीत नाही. इटियाडोहच्या पाण्याने अनेक घरांत अन्न आले. पण कालव्याच्या शेपटाकडे पाणी कसे नि कधी पोचते, ते शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा. गोसीखुर्दचा पायाभरणी समारंभ २२ एप्रिल १९८८ रोजी झाला, त्यानंतर एक पिढी वाट पाहण्यात म्हातारी झाली. शिवाय जंगलाच्या जिल्ह्यात नवे मोठे धरण म्हणजे जंगल बुडणे आणि गावे उठणे. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम् धरणांना १९८० च्या दशकात इथल्या आदिवासींनी, बाबा आमट्यांसारख्यांनी विरोध केला तो उगाच नव्हे. मामा तलावासाठी मात्र नवे जंगल बुडवावे लागत नाही. त्याची जागा ठरलेली, पाळ घातलेली. करायची ती फक्त राखण.

थोडा हिशेब करून पाहू. एक हेक्टर तलावात एक मीटर पाणी म्हणजे दहा हजार घनमीटर. धानाला साडेसात सेंटीमीटरचे एक पाणी द्यायला हेक्टरी साडेसातशे घनमीटर लागते. गळती आणि बाष्पीभवन बाजूला ठेवले, तर या पाण्यात तेरा हेक्टर धानाचे शेवटचे पाणी भागते. त्याच तलावात एक फूट गाळ साचला, तर सुमारे चार हेक्टर धानाचे पाणी कायमचे गेले. गाळ म्हणजे नुसता चिखल नव्हे, चार हेक्टरची सुगी तिथे पुरलेली असते.

आता उसाकडे येतो. ही गोष्ट आपल्याच पत्रिकेत लिहिलेली काहींना खटकेल, पण घरातले बोलणे घरातच झालेले बरे. मोकाट पाण्यावरच्या एका हेक्टर उसाला वर्षभरात वीस हजार घनमीटरच्या वर पाणी जाते. म्हणजे वर सांगितल्यासारखे दोन तलाव एकाच शेतात रिते! सुरू उसाला सर्वांत जास्त तहान लागते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि तलाव तेव्हा तळाला गेलेला असतो. त्या तळच्या पाण्यावर गावची जनावरे, मासळी आणि काठच्या विहिरी जगतात. तिथे एकाने पंप टाकला तर ऊस त्याचा वाढतो आणि तोटा साऱ्या गावाचा होतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मामा तलावाच्या पाण्यावर ऊस लावूच नये. ऊस विहिरीवर घ्या, नदीच्या उपशावर घ्या, आणि तिथेही ठिबक करा. तलावाचे पाणी धानाचे, जनावरांचे आणि मासळीचे.

यासाठी कारखान्याने एक सोपी गोष्ट करावी. ऊस नोंदणीच्या वेळी गट नंबर आणि जात लिहितो, तसे पाणी कुठले हेही लिहून घ्यावे. तलावातून उपसा असेल तर नोंद घेऊ नये. ठिबकवाल्याला तोडणीत अग्रक्रम द्यावा. याने एखाद्या वर्षी टनेज थोडे घटेल, हे मान्य. पण काठच्या विहिरी आटल्या तर पुढच्या वर्षी घटणारे टनेज कोण भरून देणार?

बाकीचे काम गावाचे. आणि ते अशक्य नाही. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून पाणी आपल्या हाती घेतले. २००५ साली राज्यात त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना तर १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलाशयांच्या नियोजनाचा आधार दिला आहे. कायदे आहेत, उठणारे गाव हवे.

प्रत्येक तलावाखालच्या बांधीवाल्यांनी संस्था करावी. त्यात ढीवर बांधव आणि भूमिहीनही असावेत, नाहीतर मालगुजार जाऊन दहा छोटे मालगुजार तयार होतील. मे महिन्यात सर्वांनी मिळून पाळ, तुडूम, सांडवा पाहावा. पाणकर नेमावा आणि सुगीला एकरी ठरलेले धान त्याला द्यावे. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेचा लाभ घेऊन गाळ शेतात न्यावा, पण यंत्रवाल्याला मोकाट सोडू नये. वाटेल तसे खड्डे खणले तर तळ फुटतो आणि पाणी मुरून जाते. शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागात ढीवर समाजाच्या भगिनींनी तलावातली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासळीला पुन्हा थारा दिला. त्यांच्या हाती ना यंत्र होते ना सत्ता. मग आपल्याला काय अवघड आहे?

आपण एकेकट्याने गूळ गाळीत बसलो असतो तर कारखाना कधीच उभा राहिला नसता. शेअर्स जमवले, विश्वास टाकला, तेव्हा चिमणी उभी राहिली. तलावाला तर नवे भांडवलही नको. ते पूर्वजांनीच घालून ठेवले आहे. येत्या वार्षिक सभेत ऊस नोंदणीच्या या दुरुस्तीचा ठराव यावा अशी माझी विनंती आहे. ठराव मांडायला मी तयार आहे, अनुमोदन द्यायला आपल्यापैकी कुणीतरी उठावे.

विना सहकार नाही उद्धार, हे आपण प्रत्येक सभेत म्हणतो. यंदा ते पाळीवर उभे राहून म्हणू या.

— एक सभासद