कागदी खेळणे आणि कल्पनेचे मोल

दिवाळी जवळ आली, की दुकानांसमोर आकाशकंदील झुलू लागतात. त्यांतील पुष्कळसे असे असतात, की गिऱ्हाइकाने पसंत करताच दुकानदार ते मिटून वहीएवढे सपाट करून हाती देतो आणि घरी आल्यावर तीच घडी उलगडून हातभर कंदील उभा राहतो. त्याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु तो उभा राहतो, त्याअर्थी कोणीतरी बसून त्याचे कोन आखलेले असतात, घड्या मोजलेल्या असतात आणि चार नमुने फसल्यानंतर पाचवा साधलेला असतो. हा माणूस कोण, त्याला त्या श्रमाचे काय मिळाले, असे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. कागदी खेळण्यांच्या व्यवसायाला आपल्या देशात भवितव्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र नेमके येथेच दडलेले आहे.

हा व्यवसाय काही आजचा नव्हे. फ्रान्समधील एपिनाल या गावी १७९६ मध्ये स्थापन झालेल्या छापखान्याने पुढे एकोणिसाव्या शतकात कापून, दुमडून, चिकटवून उभारावयाच्या इमारतींचे तक्ते छापले. त्याच शतकात इंग्लंडातील मुलांना कागदी रंगभूमीचे तक्ते साधे एका पेनीला आणि रंगीत दोन पेनींना मिळत. स्टीव्हन्सनसारख्या लेखकाने १८८४ मध्ये त्यांवर निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळात तेथेच पोस्टकार्डांवर छापलेल्या चिमुकल्या प्रतिकृतींनी घरोघर स्थान मिळविले. पोलंडमध्ये तर केवळ कागदी प्रतिकृतींना वाहिलेले मासिक १९५७ मध्ये सुरू झाले. टंचाईत आणि मध्यमवर्गीय खिशात तगून राहणारे असे हे खेळणे आहे.

आज त्याला रचनाकाराच्या नावाची प्रतिष्ठा लाभली आहे ती विशेषतः जपानात. हारुकी नाकामुरा यांचे एक पेंग्विन प्रसिद्ध आहे. सपाट घडी टेबलावर टाकावी, की आतल्या रबराच्या ताणाने ती क्षणात उसळून पक्ष्याचे रूप घेते. त्यात ना यंत्र, ना विजेरी. कागद, रबर आणि भूमिती एवढेच भांडवल. असे खेळणे लोक विकत घेतात, ते स्वतः जोडतात आणि रचनाकाराचे नाव लक्षात ठेवतात. प्लॅस्टिकचे खेळणे मुलाच्या हाती येते तेच पूर्ण होऊन. त्याला उरते ते वापरणे आणि मोडणे. कागदी खेळणे अर्धे काम मुलासाठी राखून ठेवते. चुकीच्या जागी पडलेली घडी उलटावी लागते, डिंक सुकेपर्यंत बोट दाबून धरावे लागते, आणि शेवटी जे उभे राहते त्याला मूल ‘मी केले’ असे म्हणू शकते. ही ओढ मुलांपुरती नाही; कचेरीतून थकून आलेल्या माणसालाही तासभर कात्री चालवण्यात विसावा सापडतो.

व्यापाराच्या दृष्टीनेही गणित सोपे आहे. प्लॅस्टिकच्या खेळण्याला साचा लागतो. त्याचा खर्च भरून निघण्यासाठी हजारो नग खपावे लागतात. कागदी खेळण्याच्या दोनचारशे प्रती एखाद्या तालुक्याच्या गावच्या छापखान्यातूनही निघू शकतात. माल सपाट, वजनाला हलका, टपालाने कोठेही धाडता येणारा. ज्याच्या घरी छपाईयंत्र आहे त्याला तर नुसता आराखडा विकला तरी पुरे. कॅननसारखी कंपनी असे आराखडे फुकट देते, कारण तिला छपाईयंत्रे व शाई विकावयाची असते. निन्टेन्डोने २०१८ मध्ये पुठ्ठ्याचा पियानो आणि पुठ्ठ्याचा मासेमारीचा गळ आपल्या इलेक्ट्रॉनिक खेळाला जोडून विकला. आपल्याकडे त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली आणि घडीच्या कागदी मखरांना मागणी आली. परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. मात्र १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आय.एस.आय. चिन्हाची सक्ती आहे, ही पायरी लहान उत्पादकाला सोपी नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

तथापि खरी अडचण कायद्याची नाही, आपल्या मनाची आहे. खेळण्याची किंमत ऐकताच आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो, ‘एका कागदाला एवढे पैसे?’ कागद, शाई, पुठ्ठा यांचे पैसे आपण निमूटपणे देतो. ज्या डोक्यातून घडी निघाली त्याचे देताना हात आखडतो. एक संच आणावयाचा आणि वर्गासाठी चाळीस झेरॉक्स काढावयाच्या, हे आपल्या शाळांत चोरी समजले जात नाही. शिकविण्याच्या ओघात प्रती काढण्याची मोकळीक कॉपीराइट कायद्याने शिक्षकाला दिली आहे आणि विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिला दुजोराही दिला. निर्धन शाळेला ही सवलत हवीच. परंतु कायद्याने मुभा दिली म्हणून कर्त्याचे ऋण फिटत नाही.

यावर कोणी अरविंद गुप्ता यांचे उदाहरण देईल. पुण्यात राहून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडविली आणि ती सर्वांसाठी मुक्त ठेवली. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. ते औदार्य वंदनीय आहे. पण दान देण्याचा अधिकार दात्याचा असतो. घेणाऱ्याने ते परस्पर उचलावयाचे नसते. आज कलाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणाने खेळणी रचावयाची ठरविली, तर त्याचा चरितार्थ कशावर चालावा, याचे उत्तर या औदार्याकडे बोट दाखवून मिळत नाही. मग तो तरुण जाहिरातीच्या कचेरीत जातो आणि बाजार परक्या नमुन्यांच्या नकलांनी भरतो.

उपाय मोठे नाहीत. एका वर्गाला पुरेल एवढ्या प्रतींचा परवाना रचनाकारांनी माफक दरात द्यावा आणि ज्या शाळांना परवडते त्यांनी तो कार्यानुभवाच्या तासासाठी घ्यावा. मुलांच्या दिवाळी अंकांनी कथेला मानधन देतात तसे एका कापावयाच्या तक्त्याला द्यावे. छापखान्यांनी तक्त्याच्या कोपऱ्यात रचनाकाराचे नाव छापावे, आणि शिक्षकांनी खेळणे जोडण्यापूर्वी ते नाव मुलांकडून वाचून घ्यावे. कागदाची घडी कोणाच्या तरी बुद्धीतून निघते, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळेल, ते पुढे मोठे झाल्यावर दुसऱ्याच्या कल्पनेचे पैसे देताना कुरकुर करणार नाही. मग कोणी सांगावे, त्याच वर्गातील एखादे मूल उद्या स्वतःची घडी शोधून काढील, आणि तिच्यावर पोट भरता येईल, असा भरवसाही त्याला वाटेल.