पहिलं पान कुणाचं?

पत्रकारितेच्या वर्गात पान लावायला शिकवतात, तेव्हा सगळा भर कॉलमच्या रुंदीवर, टाइपच्या आकारावर आणि फोटोच्या कटिंगवर असतो. मुख्य बातमी घडीच्या वर, तळाला अँकर. हे यायलाच हवं. पण त्याआधीचा प्रश्न, म्हणजे या पानावर काय जाणार हे कोण ठरवतं, तो क्वचितच निघतो.

म्हणून आपल्याकडची कॉलेजांची वार्तापत्रं बघा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, संस्थाचालकांशेजारी प्राचार्य. निकाल रखडलेला असो की वसतिगृहात पाणी नसो, पहिल्या पानावर पाहुण्यांची नावं मानाच्या क्रमाने येतात. याला ‘वाईट डिझाइन’ म्हणून हसून सोडणं चूक आहे. रचना चोख आहे. फक्त तिचा वाचक मंचावर बसलेला आहे.

पहिल्या पानाची ताकद डिझाइनच्या मास्तरांपेक्षा प्रशासनांना जास्त कळते. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं ‘इंडियाना डेली स्टुडंट’ हे १८६७ पासूनचं पत्र. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याला वरून सांगण्यात आलं की, छापील अंकात माजी विद्यार्थ्यांच्या सोहळ्याची माहितीच असावी, बातम्या नकोत. पहिल्या पानावर तर मुळीच नकोत. विद्यार्थी-माध्यमांचे संचालक जिम रोडनबुश यांनी हे मानलं नाही, तर त्यांना काढून टाकलं आणि पाठोपाठ छपाईच बंद केली. कारण दिलं गेलं खर्चाचं आणि डिजिटलचं. संकेतस्थळावर बातम्या चालू शकत होत्या, अडचण फक्त कागदावरच्या बातम्यांची होती! तेव्हा प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या ‘पर्ड्यू एक्स्पोनंट’ने विशेष अंक छापला आणि गाडीत घालून तो ब्लूमिंग्टनमध्ये नेऊन वाटला. बराच गदारोळ झाल्यावर महिनाअखेरीस छपाईला पुन्हा परवानगी मिळाली.

‘आता पहिलं पान बघतं कोण? सगळे फोनवरच आहेत,’ असं म्हणणाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या ‘डेली टार हील’चा ३० ऑगस्ट २०२३चा अंक आठवावा. दोन दिवसांपूर्वी तिथे गोळीबारात एक प्राध्यापक मारले गेले होते आणि विद्यार्थी कित्येक तास दारं लावून अडकून पडले होते. त्या काळात त्यांना आलेले आणि त्यांनी पाठवलेले मेसेज विद्यार्थी-संपादकांनी जमवले आणि पहिलं पान त्यांनीच भरून टाकलं. सुरक्षित आहेस का, कुठे आहेस, एकटी आहेस का. ना फोटो, ना अधिकाऱ्यांचं निवेदन. ते पान फोनवरूनच जगभर पोचलं, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीही ते शेअर केलं.

फोनवर प्रत्येकाला वेगळं दिसतं आणि तासाभरात ते बदलतं. छापील पहिलं पान मात्र सगळ्यांना एकच दिसतं, आणि जागा मोजकी असल्यामुळे एक गोष्ट घ्यायची तर दुसरी सोडावी लागते. ही निवड हेच डिझाइन. फॉन्ट नंतर.

‘पण पैसे कॉलेज देतं,’ हा आक्षेप खरा आहे. ‘डेली टार हील’ आणि ‘एक्स्पोनंट’ विद्यापीठाच्या तिजोरीवर चालत नाहीत, हा योगायोग नव्हे. ‘इंडियाना डेली स्टुडंट’चा आर्थिक दोर विद्यापीठाच्या हातात होता, म्हणून तो आवळता आला. आपल्याकडे तर अंकाचा खर्च पुष्कळदा विद्यार्थ्यांच्याच फीमधून निघतो. मग पहिलं पान संस्थाचालकांचं कसं?

तेव्हा पत्रकारिता विभागांनी एवढं करावं. पहिल्या पानाचा अंतिम निर्णय विद्यार्थी-संपादकाचा, हे लेखी द्यावं. छपाईआधी पान प्राचार्यांच्या टेबलावर ‘नजरेखालून’ जाण्याची प्रथा बंद करावी. सत्काराचे फोटो आत, पान चार. एवढंही जमत नसेल, तर त्या अंकाला विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र म्हणू नये. संस्थेचं माहितीपत्रक म्हणून छापावं, आणि त्याचा खर्चही संस्थेने करावा.