तरुण कामगार आणि दवाखान्याचे दार

लोहमार्गालगतच्या भिंतींवर आणि एस.टी. स्थानकांच्या मुताऱ्यांत ‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ अशी अक्षरे आजही ठळकपणे रंगवलेली दिसतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षे उलटली तरी भिंती पुसल्या गेल्या नाहीत, याचा सारा दोष पोलिसांच्या ढिलाईवर टाकून चालणार नाही. सरकारी दवाखान्याच्या दारातून परत फिरलेला तरुण हेच भोंदू वैद्याचे हुकमी गिऱ्हाईक असते.

वास्तविक सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. जिल्हा रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याखालील दवाखाने महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने चालतात. परंतु ही मैत्री १० ते १९ या वयापुरती आहे. विसाव्या वर्षी गाव सोडून भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा बांधकामाच्या पहाडावर चढलेला मजूर, नेमकी गरज उभी राहते त्याच वयात, तिच्या कक्षेबाहेर पडतो.

त्याला सर्वसाधारण ओपीडीची वाट उरते. ओपीडी सकाळची, म्हणजे रोजी बुडवूनच यायचे. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असे खड्या आवाजात विचारले जाते आणि मागच्या रांगेतील दहा माणसांचे कान टवकारतात. आत गेल्यावर औषधाआधी ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न आणि त्यामागोमाग चारित्र्यावरील प्रवचन. याउलट तो वैद्य संध्याकाळी बसतो, दार लावून घेतो, अर्धा तास ऐकतो आणि नाव विचारीत नाही. त्याच्याकडे महिन्याची कमाई ओतणारा तरुण मूर्ख नसतो. सरकारी खिडकीवर न मिळालेली अदब तो विकत घेत असतो.

त्या पैशांत त्याला काय मिळते? स्वप्नावस्थेसारखी निसर्गसिद्ध गोष्ट रोग म्हणून त्याच्या माथी मारली जाते. खरा रोग असला तर फसवणूक अधिक घातक ठरते. उपदंशाचा पहिला व्रण औषधाविनाही काही आठवड्यांत भरून येतो. श्रेय वैद्याला मिळते, रोग शरीरात राहतो. तो पत्नीकडे जातो आणि तिच्या उदरातील मूल दगावू शकते. सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने बरा होणारा हा आजार आहे!

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्यावर खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. हा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. शासनाला पुरुषाची आठवण झाली ती आणीबाणीत, आणि तीही कोटा भरण्यासाठी. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक या राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ती दहशत ओसरली, परंतु पुरुष आणि सरकारी दवाखाना यांच्यातील दुरावा कायम राहिला व सारा भार स्त्रीवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे.

बाळंतिणीला खाट मिळत नसताना पुरुषांचे लाड कशाला, असा आक्षेप चळवळीतूनच घेतला जातो. तो प्रामाणिक आहे. पण नवरा उपचाराविना राहिला तर पत्नीने घेतलेले औषध वाया जाते, तिला पुन्हा संसर्ग होतो. स्त्रियांच्या तरतुदीतील एक पैसाही न वळवता पुरुषांची सोय झाली पाहिजे, एवढीच अट घालणे योग्य होईल.

आणि ही सोय फार खर्चाची नाही. २०२३ मध्ये राज्यभर ‘आपला दवाखाना’ उघडताना दुपारी २ ते रात्री १० ही वेळ ठरवली गेली. म्हणजे संध्याकाळचा दवाखाना अशक्य नाही हे शासनानेच मान्य केले आहे. तेथे आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रशिक्षित समुपदेशक बसावा, नावाऐवजी क्रमांक पुकारावा, दार बंद होणारी एक खोली असावी. एड्स नियंत्रण कार्यक्रमातील समुपदेशक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबतात. त्यांना कायम केल्याशिवाय वस्तीतील तरुण ज्याच्याकडे विश्वासाने परत येईल असा माणूस त्या खुर्चीत टिकणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रुग्ण कल्याण समित्यांसमोर या मागण्या लेखी ठेवण्याचे काम कामगार संघटनांच्या शाखांनी पुढच्या बैठकीपासूनच हाती घ्यावे.