छत कापायचंय? आधी मोजा!

१९४९ च्या मर्क्युरीचं छत कापून खाली बसवलेलं बघितलं की हात शिवशिवतात ना? महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हे वेड रुजवलं. पण खरं कसब कटरमध्ये नाही, मोजमापात आहे. छताचे खांब तिरके असतात. चार इंच कापले की वरचं टोक खालच्याशी जुळत नाही. आतून लोखंडी आधार वेल्ड केले नाहीत, तर बॉडी वाकते, दारं लागत नाहीत. काचाही नव्याने कापाव्या लागतात. आणि आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, ती मूळ रूप राखलं तरच! म्हणून आजोबांच्या गाडीला हात लावू नका. भंगारातलं दार आणा, त्यावर कापायला-जोडायला शिका. दोस्तांनो, कापणं एका दुपारचं काम, जोडणं महिनोन्‌महिन्यांचं.