इथं गाडीचे डिटेल काढून भेटते का जी?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी कॉन्व्हेंटचा. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी शंभर मार्कांचा एक पेपर होता, बस्स! आजही कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की मी मनातल्या मनात बोटं मोजतो. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख देतोस का, असं विचारल्यावर आधी हसलोच. पण गेल्या उन्हाळ्यात असं काही घडलं की मराठी आणि इंजिनियरिंग या दोन्ही विषयांत एकदम नापास झाल्यासारखं वाटलं. तेच सांगतो. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!

तर झालं असं. माझ्या मावसभावानं नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं हात काळे केले आणि साठवलेल्या पैशातून चंद्रपुरात स्वतःचं कार डिटेलिंगचं दुकान टाकलं. (नाव छापत नाही, उगाच फुकटची जाहिरात नको!) सगळे पैसे मशिनरीत गेले. प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशिंग मशीन... लोगोसाठी उरला मी. "तू इंजिनियर होऊन राहिला ना बे, मग दे न एक मस्तपैकी लोगो बनवून." आता मेकॅनिकलच्या पोराचा आणि लोगोचा काय संबंध? पण घरच्यांच्या दृष्टीनं ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, तो सगळंच करू शकतो.

मीही मागे हटलो नाही. दोन रात्री जागलो. इंटरनेटवरचे शंभरेक लोगो पाहिले आणि सगळ्यांतलं थोडं थोडं उचललं. स्पोर्ट्स कारची आउटलाइन, तिच्यावर चमक, मागे वाघाचा डोळा, खाली पाण्याचा थेंब आणि तिरप्या इंग्रजी अक्षरांत दुकानाचं नाव. त्याखाली 'डिटेलिंग स्टुडिओ', तेही इंग्रजीतच. चांदीसारखा ग्रेडियंट तर असा मारला की हॉस्टेलची पोरं म्हणाली, "भाई, एकदम इंटरनॅशनल!" दादा खूश, मी खूश. दहा बाय चारचा फ्लेक्स लागला.

आणि चौथ्या दिवशी ते काका आले.

एमएच-३३ ची, म्हणजे गडचिरोलीची जीप. बोनेटपासून टपापर्यंत लालेलाल. काका उतरले, फ्लेक्सकडे डोळे बारीक करून पाहिलं, शेजारच्या पानठेल्यावर बोर्ड वाचून घेतला आणि हातातली प्लॅस्टिकची फाईल पुढे करून मला म्हणाले, "बाबू, इथं गाडीचे डिटेल काढून भेटते का जी? आरसी बुक हरवलं आहे."

मला आधी कळेचना. मग हसू आलं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "काका, ते काम आरटीओ ऑफिसात. इथं डिटेलिंग होते." काका "हाव का" म्हणाले, फाईल काखेत घातली आणि निघून गेले. ती लाल धुळीनं माखलेली जीप घेऊन! ज्या गाडीला दादाच्या दुकानाची सगळ्यात जास्त गरज होती, ती गाडी आमच्या दारातून तशीच परत गेली. दादा आतून ओरडला, "अबे, त्यांची गाडी पाहिली नाही का तू?" तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी दुकानात एकच गाडी आली होती.

हॉस्टेलवर हा किस्सा सांगितला तर सगळे खो-खो हसले. पण रात्री मला झोप येईना. चूक काकांची होती का? 'डिटेल' या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ अगदी बरोबर होता. आपण नाही का म्हणत, "जरा डिटेल दे"? चूक बोर्डाची होती. म्हणजे माझीच.

आता माझं मत स्पष्टच सांगतो. लोगो हा काढणाऱ्याची हुशारी दाखवायला नसतो, तो दारात उभ्या असलेल्या माणसाला "इथे तुझं काम होईल" हे सांगायला असतो. आपण मात्र दुसऱ्याच कुणाला तरी इंप्रेस करायला लोगो काढतो. मी कॉलेजच्या पोरांना दाखवायला काढला होता, आणि हॉस्टेलच्या एकाही पोराकडे कार नाही!

खरं म्हणजे याचा उत्तम नमुना आपल्याच गावात आहे. जटपुरा गेटखालून आपण हजारदा गेलो असू. मान वर करून पाहिलंय कधी? गोंड राजांचं राजचिन्ह दगडात कोरलेलं आहे, हत्तीला नमवणारा सिंह. सोबत एक अक्षर नाही. वेशीवर येणाऱ्या ज्या माणसाला वाचता येत नव्हतं, त्यालाही कळत होतं की इथून पुढे राज्य कुणाचं. लोगो म्हणतात तो याला!

आणि आज? शहरात एक चक्कर मारा. हॉटेलच्या बोर्डावर वाघ, मोबाईल शॉपीवर वाघ, जिमवर वाघ, पाण्याच्या कॅनवर वाघ. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण सगळ्यांच्याच बोर्डावर वाघ असेल तर त्या वाघाचा उपयोग काय? ओळख पटवण्यासाठीची खूणच सगळ्यांची सारखी! एका मित्रानं सुचवलं, वारली चित्र टाक, ट्रेंडिंग आहे. अरे बाबा, वारली पालघर-डहाणूकडची! आपण राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. दादाला तर कोपऱ्यात एका जर्मन गाडीचं चिन्ह हवं होतं, "क्लास वाटते" म्हणून. त्याला सांगितलं की ते त्या कंपनीचं नोंदलेलं चिन्ह आहे, १९९९ चा ट्रेड मार्क कायदा आहे, उद्या नोटीस आली तर पॉलिशचे पैसे वकिलाला जातील. उलट आपणच आपलं चिन्ह नोंदवू शकतो. गाड्यांच्या सफाई-दुरुस्तीच्या सेवांचा वर्ग ३७ वा, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण. पण नोंदवायला आधी आपलं असं काही पाहिजे ना!

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. लॅपटॉप बंद करून आठ दिवस दादाच्या दुकानात नुसता बसलो. तेव्हा कळलं की आपल्याकडे गाडी कुठून आली हे नंबर प्लेट न पाहताही सांगता येतं. घुग्घुस, दुर्गापूरकडची गाडी काळी, कोळशाची. गडचांदूर, आवारपूरकडची राखाडी, सिमेंटची. आणि आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावरची लाल, कारण त्या रस्त्यानं सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. तीन रंगांची धूळ! पुण्या-मुंबईच्या डिटेलिंगवाल्याला हे भाग्य कुठलं?

आणि यात मेकॅनिकलचा अभ्यासक्रमही निघाला. गाडीच्या रंगाचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. सकाळी आपण कोरड्या फडक्यानं गाडी पुसतो तेव्हा धुळीतले वाळूचे बारीक कण त्या थरावर पॉलिश पेपरसारखे फिरतात. उन्हात दिसणारे ते गोल गोल ओरखडे आपल्याच फडक्याचे असतात. सिमेंटच्या धुळीवर पाणी पडलं आणि ती तशीच राहिली तर काचेवर थर घट्ट बसतो. म्हणून दादा आधी फोमनं धूळ सैल करतो, मग धुतो, मग चिकट क्लेनं रुतलेले कण काढतो आणि त्यानंतर पॉलिश, वॅक्स. हे सगळं म्हणजे डिटेलिंग. माझ्या लोगोतल्या थेंबावरून आणि स्पोर्ट्स कारवरून यातलं काही कळत होतं का? शिवाय आमच्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे जीप, बोलेरो, जुन्या मारुती. स्पोर्ट्स कार मी चंद्रपुरात अजून पाहिलेली नाही!

आता प्रश्न आला शब्दाचा. डिटेलिंगला मराठीत काय म्हणायचं? माझ्या डोक्यात आलं 'तपशीलीकरण'. (हसू नका.) शेवटी आजीला विचारलं, "आजी, पितळेची भांडी चमकवली की तू काय म्हणते?" ती म्हणाली, "घासून-पुसून लख्ख." मी उड्याच मारल्या! पण दादा म्हणाला, "घासून नको बे! गाडी घासली तर पेंट जाते." मग ठरलं, 'धुऊन-पुसून लख्ख'. 'लख्ख' हा शब्द वीस वर्षं माझ्या घरात होता आणि मी तपशीलीकरण शोधत होतो!

पुढची शिकवणी एका पेंटरकाकांकडे झाली. फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम कमीच. माझा लोगो पाहून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "वीस पावलांवरून वाचता येते का? आणि एकाच रंगात काढला तर राहते का?" दोन्हीला उत्तर 'नाही'. स्क्रीनवरची ती चांदी फ्लेक्सवर मळकट राखाडी झाली होती, बिलबुकाच्या शिक्क्यात तर नुसता काळा गोळा! वाघाचा डोळा शिक्क्यात आंब्याच्या कोयीसारखा दिसत होता. मशीन ड्रॉइंगमध्ये आपण विनाकारण एक रेघ जास्त मारली तर सर मार्क कापतात. इथे मीच वीस रेघा जास्त मारल्या होत्या.

शेवटी जो लोगो झाला तो अगदी साधा आहे. दुकानाचं नाव ठसठशीत देवनागरीत. वरची शिरोरेघ जाड, जणू फडक्याचा एक हात फिरलाय. रेघेच्या डाव्या टोकाला तीन ठिपके, काळी, राखाडी आणि लाल धूळ. उजवीकडे रेघ स्वच्छ. खाली 'धुऊन-पुसून लख्ख'. एका रंगात छापला तरी ठिपके तीनच राहतात. देवनागरी टाईप करताना आधी सॉफ्टवेअरनं वेलांट्या भलतीकडे फेकल्या, पण मुंबईच्या 'एक टाईप'नं केलेले 'मुक्त', 'बालू' असे सुंदर फॉन्ट फुकट मिळतात हे तेव्हाच कळलं. बोर्ड मात्र पेंटरकाकांनी पत्र्यावर ऑइल पेंटनं रंगवला. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात फ्लेक्सचा लाल रंग किती दिवस टिकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

काही मित्र अजूनही भांडतात. त्यांचं म्हणणं, इंग्रजी बोर्डाशिवाय मोठ्या गाडीवाला येत नाही, ताडोब्याचा टुरिस्ट थांबत नाही. मुद्दा अगदीच खोटा नाही. म्हणून इंग्रजी नाव आहेच, पण मराठीच्या खाली आणि लहान. तसंही २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. पण मला वाटतं, कायद्याच्या भीतीनं कोपऱ्यात चिकटवलेल्या मराठीला काही अर्थ नाही. गिऱ्हाइकाला कळावं म्हणून लिहिलेली मराठी आपोआप मोठ्या अक्षरांत येते.

आणखी एक जण म्हणाला, आता एआय मिनिटात वीस लोगो काढून देतं, तू कशाला आठ दिवस घातले? मीही एकदा करून पाहिलं. देखणे होते, नाही म्हणत नाही. पण त्या विसातला प्रत्येक लोगो जगातल्या कुठल्याही गावात चालला असता. आलापल्लीच्या रस्त्यावरची धूळ लाल असते हे मीच त्याला सांगितलं नव्हतं, आणि सांगणार कसं? आठ दिवस बसेपर्यंत ते मलाही कुठे दिसलं होतं!

असो! ते फाईलवाले काका काही परत आले नाहीत. त्यांची मनातल्या मनात माफी मागतो. पण परवा एक ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होता, "अबे ते तीन ठिपकेवाले नाही का, गाडी लख्ख करून देतात ते, तिथंच ये." दादानं माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. आजवर सेमिस्टरच्या कुठल्याच रिझल्टला इतका आनंद झाला नव्हता.

म्हणून मित्रांनो, उद्या तुमच्या मामाचं किराणा दुकान, ताईचं ब्युटी पार्लर, शेजारच्या काकांचं टायर पंक्चरचं दुकान, कुणाचाही लोगो करायची वेळ आली तर लॅपटॉप उघडायच्या आधी त्या दुकानात आठ दिवस बसा. कोण येतं, काय बोलतं, कशाला काय म्हणतं ते ऐका. वीस पावलं मागे जाऊन वाचून पाहा. आणि घरात आजी असेल, तर शब्द आधी तिला विचारा!