कोणशंकू : काट न मारलेले मूळ

प्राचीन भारतीय गणिताच्या अभिमानाचे संदेश रोज फिरतात. त्यांत गणित मात्र क्वचितच असते. म्हणून आज एकच नियम सावकाश पाहू : सूर्यसिद्धान्तातील त्रिप्रश्नाधिकारातला कोणशंकू.

प्रश्न असा, की सूर्य नेमका आग्नेयेस येतो तेव्हा क्षितिजापासून किती उंच असतो? समीकरणात उन्नतांशाची ज्या येते आणि कोटिज्याही. कोटिज्या घालवायची तर वर्ग करावा लागतो. उरते ते ज्येचे वर्गसमीकरण. ग्रंथात चिन्हे नाहीत, उपपत्तीही नाही (हे प्रांजळपणे मान्य करावे). आहे ती केवळ कृती.

पलभा म्हणजे विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळांच्या शंकूची पडणारी सावली. पुण्यात ती सुमारे ४ अंगुळे. अग्रा म्हणजे उगवता सूर्य पूर्वबिंदूपासून जितका ढळलेला असतो त्या अंतराची ज्या. पलभेच्या वर्गात ७२ मिळवले की भाजक मिळतो, येथे ८८. १२, पलभा आणि अग्रा यांच्या गुणाकाराला त्याने भागले की ‘फल’. त्रिज्येच्या वर्गाच्या निम्म्यातून अग्रेचा वर्ग वजा करून, १४४ ने गुणून, त्याच भाजकाने भागले की ‘करणी’. फलाचा वर्ग करणीत मिळवून वर्गमूळ काढावे; सूर्य दक्षिण गोलात असल्यास त्यातून फल वजा करावे, उत्तर गोलात असल्यास मिळवावे.

क्रांती २४ अंश दक्षिण आणि त्रिज्या १ धरू. अग्रा ०.४२९, फल ०.२३४, करणी ०.५१७. कोणशंकू ०.५२३, म्हणजे सूर्य साडेएकतीस अंशांवर.

खरी गंमत क्रांती २४ अंश उत्तर असताना आहे. उत्तर येते ०.९९०, सुमारे ८२ अंश. पण त्या दिवशी पुण्याचा सूर्य आग्नेयेस जातच नाही; मध्यान्हीही तो खस्वस्तिकाच्या उत्तरेसच असतो. मग हे मूळ आले कोठून? वर्ग करताना आग्नेय आणि ईशान्य यांतला भेद पुसला गेला, आणि हे ८२ अंश ईशान्येचे आहेत.

शाळेत आपण अशा मुळावर काट मारतो. सूर्यसिद्धान्त मारत नाही. सूर्य शंकूच्या उत्तरेने जात असेल तर हाच कोणशंकू उत्तरेकडील विदिशांचा समजावा, असे तो स्पष्ट सांगतो. ‘भारतीयांकडे नुसती पाठ केलेली सूत्रे होती’ हा शेरा मला येथे टिकताना दिसत नाही. आपले उत्तर कोणत्या दिशेचे आहे, याचे भान ही कृती रचणाऱ्याला होते. अभिमानच हवा असेल तर तो या एका पुस्तीचा बाळगावा.

दिल्लीत या पुस्तीची गरज पडत नाही. पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत रोज पडते.