टीईटीचा पेपर सुटेल, पण वर्ग बदलेल का?

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर शिक्षकांमध्ये एकच चर्चा आहे, टीईटीची. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी लागेल. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे त्या खटल्याचे नाव. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही अट लावायची का, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठासाठी ठेवला आहे. आपल्या मोहल्ल्यातली अनेक मुले मात्र जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत आहेत. तिथल्या शिक्षकांना ही अट पाळावीच लागणार.

या परीक्षेत १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत. मुलाचे उत्तर चुकले तर काय कराल? गप्प बसवाल, उत्तर सांगून टाकाल, की त्याने असा विचार का केला ते विचाराल? बरोबर पर्याय कोणता, हे डीएड झालेल्या कुणालाही सांगता येते. खरा प्रश्न असा की दुसऱ्या दिवशी वर्गात तोच शिक्षक काय करतो?

बालकेंद्री शिक्षणाची भाषा आपल्याकडे नवी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद आणला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून आणि भीतीशिवाय शिकणे लिहिलेले आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी हे करून दाखवले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला आणि गावोगावच्या शाळांत फरशीवर तक्ते रंगले, मुले गोलात बसली, खडे, काड्या, मणी आले. काही शिक्षकांनी ते मनापासून केले. बऱ्याच ठिकाणी मात्र साहेब येणार म्हणून फरशी रंगली आणि साहेब गेल्यावर फळा-खडू परत सुरू झाला.

असे का होते? शिक्षकांशी बोललात तर पद्धत चुकीची आहे असे फार कमी जण म्हणतील. "पद्धत चांगली आहे, पण आमच्या वर्गात जमत नाही," हे वाक्य जास्त ऐकू येते. त्यात तथ्य आहे. एक शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. कायदा एकीकडे मुलाच्या गतीने शिकवा म्हणतो आणि त्याच कायद्याचे कलम २४ ठरलेल्या वेळेत सगळा अभ्यासक्रम संपवा म्हणते. कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकीची कामे शिक्षकाला द्यायला मनाई केली आहे, तरी खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे काही सुटलेले नाही. त्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत नापास करण्याची तरतूद परत आली. मग मुलाला प्रश्न विचारू देण्यापेक्षा उत्तरे लिहून देणे सोपे वाटते.

पण सगळेच व्यवस्थेवर ढकलून चालणार नाही. "या पोरांच्या घरी कुणी शिकलेलं नाही, ही काय विचार करणार?" असे शिक्षकाच्या मनात असेल तर पटसंख्या वीस असली तरी वर्ग बालकेंद्री होत नाही. याचा फटका आपल्या मुलांना जास्त बसतो. मराठवाड्यातले मूल घरी दखनी बोलते, रत्नागिरीकडचे कोकणी. मराठी शाळेत ते अडखळते, उर्दू शाळेतही पुस्तकातली उर्दू त्याला परकी वाटते. "मेरेकू मालूम है" म्हणणाऱ्या मुलाला आधी भाषेवरून टोकले की पुढच्या वेळी ते हातच वर करत नाही. सहा ते चौदा वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली, असे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते. गरिबी हे त्याचे मोठे कारण आहेच. पण वर्गात ज्याला कुणी विचारत नाही, त्याला शाळा सोडताना फारसे वाईटही वाटत नाही.

आता थोडे आपल्याकडे. मूल घरी आले की आपण वही बघतो. पाने भरलेली असली तर टीचर चांगली, वर्गात खेळ आणि गप्पा चालल्या तर "शिकवतच नाहीत". भाकरीचे चार तुकडे करून पाव समजावणाऱ्या शिक्षिकेला आई-वडिलांकडून "पाढे कधी घेणार?" असे विचारले गेले, तर पुढच्या आठवड्यात ती पाढेच घोकून घेणार.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. अनेक ठिकाणी ही समिती सहीपुरतीच उरते. आपल्या अम्मी, खाला, भाभींनी पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. मागे पडलेल्या मुलांना वेगळा वेळ कधी दिला जातो? मूल घरच्या बोलीत उत्तर देते तेव्हा काय करता? आणि शिक्षकांना शाळेबाहेरची कोणती कामे लावली आहेत? तिसरा प्रश्न शिक्षकांच्या बाजूचा आहे. तो पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी नेला तर शिक्षकालाही आपण विरोधात नाही हे कळेल.

टीईटीचा निकाल लागेल, कोण पास झाले ते कळेल. आपल्या घरात मात्र आजपासून एवढे तरी व्हावे: मुलाला "किती लिहिलंस?" च्या आधी "आज काय विचारलंस?" हे विचारावे.